तांड्यावरच्या उंटाची गोष्ट

"यंदा गाडी आपल्या दारात उभी राहते म्हणजे राहतेच!" नंदकिशोरनं बायकोला, शोभाला, छाती ठोकून सांगितलं.

हा नंदकिशोर पुसदच्या एका वाचनालयाचा ग्रंथपाल. जिल्ह्यातली वाचनालयं एकमेकांना वाचकांसाठी पुस्तकं उसनी देतात. ती व्यवस्था तपासायची आणि सुधारणा सुचवायची, हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. सुधारणा तर त्यानं आधीच ठरवून टाकलेली! पुस्तकं पोचवायला एक गाडी, आणि गाडीच्या पुढच्या सीटवर खुद्द नंदकिशोर! त्यासाठी जुनी व्यवस्था पार बुडालेली दिसायला हवी होती.

मग गड्यानं डोकं लढवलं. महागावकडच्या एका आडवळणी तांड्यावर 'किसनसिंग' नावाचा वाचक मनानंच जन्माला घातला आणि त्याच्या नावानं जिल्हाभर मागणी सोडून दिली. पुस्तक कोणतं? तर उंटांच्या आजारांवरचं!

"अहो, यवतमाळ जिल्ह्यात उंट आहेत कुठं?" शोभानं विचारलं.

"म्हणूनच तर! पुस्तक सापडणार नाही, सापडलं तर पोचणार नाही, आणि पोचलंच तर घेणारा नाही!"

काही दिवसांनी जिल्ह्याचे ग्रंथालय अधिकारी अवधूतराव साहेब यांच्या जीपमधून स्वारी ऐटीत तांड्यावर निघाली. व्यवस्थेचे बारा वाजलेले साहेबांनी डोळ्यांनी बघावेत, एवढाच हेतू.

जीप थांबली आणि अख्खा तांडा धावत आला. माणसं जीपच्या मागं वाकून वाकून पाहू लागली.

"सायेब, उंट कुठं हाय?"

"कसला उंट?"

"आता बाप्पा! पुस्तक आलं, मंग उंट मांगून येईनच ना!"

नंदकिशोर गर्दीतून वाट काढत पुढं झाला. लिंबाखाली खाटेवर एक मिशाळ गृहस्थ उंटाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता.

"रामराम सर! मी किसनसिंग."

घ्या! एवढ्या मोठ्या तांड्यात एखादा खरा किसनसिंग असेल, हे आमच्या हुशाराच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"पर सर, सरकारनं उंटासाठी मलेच काहून निवडलं?"

"देते तं घेऊ ना!" त्याची आई लालीबाई मधेच कडाडली. "बैल सांभाळले आपन, त्यायले तं शिंगंबी रायते. उंटाले कुठं हायेत?"

"पण पुस्तक आलं कसं?" साहेबांनी विचारलं.

एसटीत कंडक्टर असलेली तांड्याची लेक बबिता पुढं आली. "मारेगावच्या वाचनालयातल्या केतकीमॅडमनं सारे कपाटं उपसले, सायेब. जनावराच्या एका डॉक्टरनं वाचनालयाले देल्लेल्या पेटीत भेटलं. मले म्हने, कोनाचा तरी उंट बिमार असंल, जल्दी पोचव! मी यवतमाळच्या स्टँडवर महागावच्या डायवरले देल्लं. तो म्हने, बिचारं जनावर! फाट्यावरून दूधवाल्यानं घेतलं. नाल्याले पानी होतं, तं डोक्यावर धरून आनलं त्यानं. दूध सांडलं, सोता भिजला, पर पुस्तक कोरडं!"

 उंट नव्हताच, मागणारा खोटा, आणि तरी वाटेतल्या माणसांनी जिवाचं रान केलं होतं! असं काही आपल्या जिल्ह्यात आहे, हे नंदकिशोरला ठाऊकच नव्हतं. गाडीबिडी सगळं विसरून तो त्या कोरड्या पुस्तकाकडे नुसता बघत राहिला. डोळे भरून आले बिचाऱ्याचे!

साहेबांनी तर टोपीच काढली. "नंदकिशोरराव, कमाल आहे! अशी व्यवस्था कुठंच पाहिली नाही हो!"

"नाही ना साहेब!"

"मग गाडी कशाला हवी? नामंजूर!"

साहेबांची जीप यवतमाळला गेली. किसनसिंगानं पुस्तक कापडानं पुसून नंदकिशोरच्या हातात ठेवलं. "वाचून झालं सर. उंट आला तं सांभाळू आमी. हे मारेगावले वापस करा लागते. बबिताले सुट्टी हाय, तुमीच जा."

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर खचाखच भरलेल्या एसटीत पुस्तक छातीशी धरून उभा राहिला. ड्रायव्हर महागावचा तोच. त्यानं आरशातून पुस्तक ओळखलं आणि तोंड एवढंसं केलं.

"वापस चाललं? म्हंजे... गेला का जी उंट?"

 गाडीतल्या सगळ्यांचे डोळे नंदकिशोरवर.

"नाही, नाही!" नंदकिशोर घाईघाईनं म्हणाला, "बरा झाला! चारा खातो आता!"

गाडीभर हुश्श झालं. एका आजोबांनी तर हात जोडले. मग सगळ्यांनी दाटीवाटीनं सरकून उंटाच्या सरांना मोठ्या मानानं पुढची सीट दिली.