बाबांचं मानाचं घड्याळ

"घरी भिंतीवर बरं चाललं होतं ते," म्हातारी व्हांडा पुटपुटली. घोंगडीत गुंडाळलेलं घड्याळ तिच्याच मांडीवर होतं.

"आई, आज तरी कुरकुर नको," डोलोरेस म्हणाली. तिच्या पर्समध्ये पितळी पाटी कोरून तयार होती: 'स्टॅन्ली झालेस्की यांस, निष्ठेने केलेल्या सेवेबद्दल, कारखान्याकडून.' घड्याळ आणि पाटी चर्चच्या हॉलमध्ये लागावी, बाबांचं नाव गावात राहावं, एवढीच लेकीची इच्छा. पण पाद्रीबुवांनी आधी पारख करून आणायला सांगितलं होतं. कनेक्टिकटच्या त्या गावातला घड्याळांचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, घड्याळं मात्र घरोघरी होती. त्यामुळे चर्चच्या तळघरात पारख करून घ्यायला ही भली मोठी रांग.

पारखी हॅलोरन यांनी घड्याळ उघडलं, आत विजेरी मारली आणि खाकरले.

"कारखान्याच्या फाटकातून रीतसर बाहेर पडलेल्या घड्याळाला आत छापील कागद चिकटवलेला असतो. इथे नाही."

"निघाला असेल!"

"गोंदाचा डागही नाही, बाई. शिवाय पेटी शाळेतल्या घड्याळाची, यंत्र त्याहून पुष्कळ नवं, आणि लंबक स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा."

"म्हणजे खास बाबांसाठी बनवलं!" डोलोरेसचा आवाज चढला. "असा मान आणखी कुणाला दिलाय कारखान्याने?"

"सकाळपासून बघतोय, बऱ्याच जणांना दिलेला दिसतो."

रांगेतले लोक एकदम छत न्याहाळू लागले. मागच्या कोवाल्चिकबाईंनी आपल्या घड्याळावर कोट टाकला.

"तुम्हाला म्हणायचंय तरी काय? स्पष्ट बोला ना!"

"मी फक्त किंमत सांगतो, बाई. असल्या जोडकामाला ती फारशी येत नाही. तबकडी मात्र अप्रतिम! हाताने रंगवलेले आकडे. निवडणाऱ्याला नजर होती."

व्हांडा खुर्चीत सरळ बसली.

"बाबांची नजरच तशी होती!" डोलोरेस कडाडली. "हेच लिहून द्या पाद्रीबुवांना!"

"त्याची कसली डोंबलाची नजर?" व्हांडा फणकारली. "त्याला धड चोरतासुद्धा येत नव्हतं. लंबक डब्यातून आणला, तोही सूप सांडून. तबकडी मी आणली, मी! आकडे माझ्या हातचे होते, सोडते काय? कोटाखाली पोटावर बांधली. फोरमनला वाटलं, मला दिवस गेलेत. बिचाऱ्याने फाटक उघडून धरलं आणि दुसऱ्या दिवशी बाळासाठी लोकरीचे मोजे पाठवले. कारखान्याकडून मिळालं म्हणशील, तर ते मोजे. त्यांच्यावर ठोक तुझी पाटी!"