संगणकाची तार

"मी म्हणते, चालतोय ना तो? मग कशाला त्याच्या पोटात हात घालताय?"

बायकोने हे विचारले तोवर जावईबापूंनी संगणकाच्या डब्याचे पत्र्याचे झाकण उघडलेही होते. जावईबापू हे काही त्यांचे नाव नव्हे. पण सासरे मुक्कामाला आले की घरात त्यांना दुसरे नाव उरत नसे. एरवी ते विमा कचेरीत काम करत आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या वस्तू दुरुस्त करत. त्यांनी दुरुस्त केलेली दारावरची घंटा हल्ली पाहुणा आत येऊन बसल्यावर वाजायची, आणि इस्त्री तिच्या मनाला येईल तेव्हाच तापायची.

"चालतोय कुठे, रांगतोय," जावईबापू म्हणाले. "फाईल उघडायला सांगावी आणि चहा करून यावं, तरी आपलं चक्र फिरतंच आहे. नवी रॅम बसवली की पळत सुटेल बघ. चुटकीसरशी होतं."

"संध्याकाळच्या आत मला प्रुफं छापखान्याला पाठवायचीयत. सगळं काम त्यातच आहे. आज नाही गेली तर पुढचं पुस्तक मला कोणी देणार नाही. आणि मग तुमचा तो स्क्रूड्रायव्हर या घरात दिसायचा नाही, सांगून ठेवते."

बायको घरी बसून पुस्तकांची प्रुफे तपासत असे. छापून गेलेला शब्द आणि तोंडातून गेलेला शब्द, दोन्ही परत घेता येत नाहीत असे तिचे मत होते. त्यामुळे जावईबापूंनी तो इशारा मनावर घेतला आणि कधी नव्हे ती काळजी घेतली. अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला. मग रॅमच्या जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावे तशी, अलगद ठेवली आणि बटण दाबले.

पडदा काळाठिक्कर. आतून आवाज मात्र आला, पींऽऽऽ. थोडे थांबून पुन्हा, पींऽऽऽ.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेंगणारे सासरे ताठ उठून बसले. सासऱ्यांची सारी नोकरी तारऑफिसात गेली होती. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा आजा गेला, सगळे त्यांनी कडकट्टच्या भाषेत गावोगाव पोचवले होते. मग तार बंद झाली, आणि ती भाषा त्यांच्याशी बोलणारे कोणी राहिले नाही. हल्ली त्यांना ऐकूही कमी येई. हाक मारली तर ओ देत नसत. पण हा आवाज थेट पोचला.

"टी," ते म्हणाले. "लांब ठोका म्हणजे टी."

"बाबा, रॅम नीट बसली नाही म्हणून ओरडतोय तो."

"ओरडणारा असा मोजूनमापून ओरडत नाही, जावईबापू. निरोप आहे. मध्येच तोडू नका."

जावईबापूंनी तोडला. दोन्ही पट्ट्या उपसल्या, त्यांची टोके खोडरबराने घासली, जागा अदलाबदल करून पुन्हा ठेवल्या. या झटापटीत त्यांचे कोपर पडद्याच्या कार्डाला लागले आणि तेही जागचे हलले. या खेपेला आवाज निराळा आला. एक लांब, दोन आखूड.

"डी! अक्षर बदललं!" सासऱ्यांच्या आवाजाला धार आली. "शाब्बास! येऊ द्या पुढचं."

जावईबापूंनी कार्ड सरळ केले. पुन्हा पींऽऽऽ.

"हे मागचंच," सासरे हिरमुसले. "पलीकडचा माणूस नवशिका दिसतोय."

मग जावईबापूंनी नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली; तरी टी. फक्त नवी ठेवली, तरी टी. उन्हे खिडकीतून टेबलावर आली. जावईबापूंना घाम फुटला. मागून सासरे दर वेळी "हं, पुढे?" म्हणत होते, आणि बायको दारात कधीची उभी होती ते त्यांना कळलेच नाही.

"पट्टीच्या टोकाचा हा खटका वर का आहे?" तिने विचारले.

"कुठला?"

"हा. त्या बाजूचा मिटलाय, हा उघडाच आहे."

"अगं, जोर लावला तर मोडेल ना ते!"

बायकोने त्यांना बाजूला सारले, पट्टीवर दोन्ही अंगठे टेकवले आणि डब्याचे घट्ट झाकण लावावे तसे दाबले. टक्क. दुसरी पट्टी, टक्क. बटण दाबताच एकच आखूड पीं वाजला आणि पडदा उजळला.

"ई," सासरे म्हणाले आणि कान देऊन बसले. "थांबला का? पुढे?"

"पुढे काही नाही बाबा. सुरू झाला."

"अर्धी तार? आमच्या वेळी असं चालत नव्हतं."

फाईल खरोखरच चटकन उघडली. उन्हे उतरायच्या आत प्रुफे छापखान्याला गेली. जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात बायकोने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अगं, चालला ना पण!"

"मी चालवला." तिने तो वडिलांच्या हातात ठेवला. "बाबा, हा तुमच्या ताब्यात. या घरात जबाबदार माणूस एवढा एकच आहे."

संध्याकाळी नवराबायको बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. तेवढ्यात आतून आवाज आला, पींऽऽऽ. मग बराच वेळ खुडबुड. मग एक लांब, दोन आखूड.

बायको ताडकन उठली आणि दारापर्यंत जाऊन थबकली. संगणकाचे झाकण खाली पडले होते, पट्ट्या टेबलावर होत्या, पडद्याचे कार्ड तिरके केलेले होते. सासरे डोळे मिटून वाकले होते आणि बोटाने टेबलावर ठोके देत होते, कडकट्ट, कडकट्ट. त्यांचा असा फुललेला चेहरा तिने आई गेल्यापासून पाहिला नव्हता. ती पाऊल न वाजवता मागे आली आणि बसली.

"काय करतायत?" जावईबापूंनी विचारले.

"उत्तर देतायत." तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "झालं की तुम्ही जोडून टाका हं. स्क्रूड्रायव्हर मागून घ्या त्यांच्याकडून."

जावईबापू उत्साहाने आत गेले आणि तसेच रिकाम्या हाताने परत आले.

"नाही देत म्हणतात. लाइन चालू असताना हात लावायचा नाही."