चाचांची रवाल चाल

अचलपुरात एका वरातीत गफूरचाचांनी बँड थांबवला होता. घोडा दुसऱ्याच कुणाचा, पण नवरदेवाच्या मामानं त्याला कौतुकानं "पांढरा घोडा" म्हटलं, एवढंच कारण.

"पांढरा बगळा असते! याले नुकरा मनते." मामा "नुकरा" म्हणाला, तेव्हा वरात हलली.

चाचा माझे शेजारी. वरातीला घोडी देणं हा त्यांचा धंदा, अन् घोड्याबद्दल चुकीचं बोलणाऱ्याला जागच्या जागी धरणं हा खरा उद्योग. मीही सुटलो नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. निकालाचे पेढे घेऊन गेलो अन् त्यांच्या घोडीला "लाल" म्हणून बसलो.

"लाल एसटी असते, बाबू. काळी आयाळ, काळे पाय, हे कुमैत. कालेजात काय शिकून राह्यला तू?"

पेढे मात्र दोन घेतले.

त्यांच्या तोडीचा माणूस एकच, शेजारच्या खेड्यातले नामदेवराव पाटील. ते बाजाराच्या दिवशी घोड्यावर येत अन् आपला घोडा रवाल चालतो म्हणत. चाचांच्या मते ती साधी दुडकी.

"रवाल म्हंजे स्वाराच्या हातातला चहा सांडला नाही पाह्यजे, पाटील!"

पाटील बाजारातल्या हॉटेलातून काठोकाठ भरलेला कप घेऊन घोड्यावर बसले. समोरच्या वडापर्यंत जाताजाता अर्धा चहा धोतरावर.

"चहाच जास्त भरला होता हाटेलवाल्यानं."

"मंग पुढच्या बाजारी रिकामा कप घेजा!"

मग लागोपाठ कपाशी बुडण्याची वर्षं आली. लग्नं सामूहिक मांडवात उरकू लागली, वराती बंद पडल्या, कडबा मिळेना. पाटलांनी घोडा विकला, अन् बाजाराला येणंही सोडलं. चाचा बाजाराच्या दिवशी हॉटेलासमोर तसेच बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "भांडाले माणूस नाही राह्यला बे."

दिवाळीनंतर चाचांच्या घोडीलाही गिऱ्हाईक आलं. मोर्शीकडचा संत्रावाला, त्याच्याकडे चारा होता. घोडी टेम्पोत चढवली. चाचांनी दोर स्वतः बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"हाक काय मारता हिले?" संत्रावाल्यानं विचारलं.

"हाक माराचं काम नाही पडलं कधी. मी खोकललो का येते."

टेम्पो धूळ उडवत निघाला. चाचांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलत होते. पण टेम्पो नाक्यावरून वळेपर्यंत त्यांनी खोकला बाहेर येऊ दिला नाही.