बाण कळणारं सॉफ्टवेअर

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत कोणतं काम कसं होतं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण ते कसं दिसतं हे मात्र सर्वांना ठाऊक होतं, कारण प्रत्येक कामाचं चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. ही चित्रं काढणं ही ज्यांची नोकरी होती, त्यांना सगळे चौकटराव म्हणत. चित्रं काढायचं साधं सॉफ्टवेअर त्यांच्या हाताला असं बसलं होतं की, कुणी तोंड उघडलं की त्यांची चौकट तयार. कोपरे गोल, बाण सुबक, खरेदीखात्याला फिकट हिरवा रंग, हिशेबखात्याला करडा, आणि मोठ्या साहेबांच्या चौकटीला सोनेरी किनार. कोणत्याही चित्रात कुठलीच रेघ दुसरीला छेदत नसे. त्यासाठी कधी एखादं खातं वगळावं लागे, पण कलेत तेवढं चालतंच.

सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी एका ग्राहकाने भिंतीवरचं चित्र वाचलं.

त्या एक मावशी होत्या. नात्याने कुणाच्याच नव्हत्या, पण दारातून आत आल्या आणि सगळ्यांच्याच झाल्या. नवी गादी टेम्पोत घालून त्या परत घेऊन आल्या होत्या.

"मधोमध खड्डा पडलाय," त्या स्वागतकक्षातल्या मुलीला म्हणाल्या. "झोपलं की थोड्या वेळाने आम्ही दोघंही घरंगळत मध्येच जमा होतो. या वयात बरं दिसतं का गं?"

मुलीने सवयीने भिंतीकडे हात केला. मावशींनी चष्मा लावला आणि चित्रावर बोट ठेवलं. "मी इथे, 'तक्रार आली'. मग 'तक्रार पाहिली'. ती तू आत्ता पाहिलीस. आता हा बाण म्हणतो, 'योग्य विभाग'. कितव्या मजल्यावर आहे हा योग्य विभाग?"

मुलगी इतकी वर्षं "मी इथे नवीनच आहे" असं सांगून वेळ मारून नेत आली होती. तिने या वेळीही तेच सांगितलं आणि चौकटरावांना बोलावलं.

"त्याचं असं आहे मावशी," चौकटराव घसा खाकरून म्हणाले, "योग्य विभाग असा काही नाही. तिथे जरा मोकळं मोकळं दिसत होतं, म्हणून ढग काढला."

"म्हणजे माझी गादी ढगात जाणार?"

नेमके त्याच वेळी मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना कंपनी दाखवत तिथे आले होते. पाहुणे हसले. पाहुणे हसल्यावर साहेबही हसले, आणि केबिनमध्ये गेल्यावर थांबले.

दुसऱ्याच दिवशी एक सल्लागार बाई हजर झाल्या. त्यांनी चौकटरावांची सगळी चित्रं शांतपणे पाहिली. लग्नात दुसऱ्याच्या मुलीची रांगोळी पाहावी, तशी.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही फक्त चित्रं आहेत. या सॉफ्टवेअरला बाण म्हणजे नुसती एक तिरकी रेघ वाटते. तुम्ही उंदरापासून हत्तीपर्यंत बाण ओढा, ते हूं की चूं करणार नाही. तुम्हाला हवं कामाच्या पद्धतीची मांडणी करणारं सॉफ्टवेअर. त्याला बाण कळतो. ते विचारतं, हे काम कोण करणार? कशावरून करणार? आणि नाही केलं तर पुढे काय?"

"बाप रे," हिशेबखात्याचे प्रमुख म्हणाले. "इतकं तर आमच्या घरीही कुणी विचारत नाही."

सॉफ्टवेअर निवडण्यासाठी समिती नेमली गेली. तक्रार-निवारणाची पद्धत बदलत असल्यामुळे ती बदलेपर्यंत तक्रारीचं निवारण करणं पद्धतीला धरून होणार नाही, असं मावशींना नम्रपणे कळवण्यात आलं. मावशी म्हणाल्या, "थांबते की. घरी तरी काय, खड्डाच आहे." त्यांनी गादी स्वागतकक्षाच्या कोपऱ्यात पसरली. रोज सकाळी त्या विणकाम घेऊन येऊ लागल्या आणि संध्याकाळी घरी जाऊ लागल्या. हळूहळू माणसं त्यांच्याकडे कामाचं, लग्नाचं, गुडघेदुखीचं विचारायला येऊ लागली. कंपनीत एवढ्या लवकर उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

विक्रेते आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेले. प्रत्येकाने उदाहरण एकच घेतलं होतं, एका काल्पनिक कर्मचाऱ्याच्या रजेचा अर्ज. अर्ज निघे, वरिष्ठांकडे जाई आणि क्षणात मंजूर होऊन परत येई. त्या न पाहिलेल्या माणसाची रजा मंजूर झालेली पाहून समितीतल्या कित्येकांचे डोळे पाणावले. शेवटी जे सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होतं, तेच घ्यायचं ठरलं. कारण ते कुणाला विचारणार आहे, याचा कुणी विचार केला नव्हता.

ते विचारणार होतं चौकटरावांना. त्यांनी पहिली चौकट काढली, 'तक्रार पाहणे'. लगेच तिच्या कडा लाल झाल्या. 'या कामाला कर्ता नाही.' त्यांनी पुढचा बाण ओढला. 'या निर्णयातून बाहेर पडायला वाट नाही.' त्यांनी जुन्या सवयीने एक ढग शोधला. या सॉफ्टवेअरमध्ये ढगच नव्हता.

चौकटराव पडेल चेहऱ्याने घरी गेले. त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही काढत होता ते काय होतं मग?"

"दिसायला छान होतं गं."

"माझ्याकडे पेशंट आला की मी त्याला आधी तोंड उघडायला लावते. तुम्ही बंद तोंडाला रंग देत बसलात. उद्या जा, एकेकाला 'आ' करायला सांगा."

चौकटराव गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतर खात्यांच्या दारात उभे राहिले. तपासणी खात्याने सांगितलं, "आमच्याकडे वरून येतं, आम्ही खाली देतो." खालच्यांनी सांगितलं, "वरून आलं की आम्ही परत वर पाठवतो." गोदामातल्या मुकादमाने तर त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "साहेब, तक्रारी येतात का आपल्याकडे? इथे बदलून द्यायच्या गाद्यांची थप्पी छताला लागलीय. कुणी मागतच नाही." सुरुवातीला चौकटरावांना लाज वाटली, मग राग आला, आणि नंतर मजा वाटायला लागली. लाल कडा एकेक करून हिरव्या होत गेल्या. कंपनी खरोखर काय करते हे कळणारे ते कंपनीतले पहिलेच गृहस्थ ठरले.

मग रंगीत तालमीचा दिवस आला. या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटी तक्रार सोडून ती कुठून कुठे जाते ते पाहता येत असे. सगळे अधिकारी जमले. पडद्यावर एक निळा ठिपका निघाला. तपासणीतून सुटला, हिशेबातून सुटला, टुणटुण उड्या मारत सोनेरी किनारीच्या चौकटीत शिरला आणि थांबला. मागून दुसरा आला, तिसरा आला. थोड्या वेळाने ती चौकट निळ्या ठिपक्यांनी मुंग्यांच्या वारुळासारखी फुगली. चौकटीवर लिहिलं होतं, 'मोठ्या साहेबांची संमती'.

कुणीतरी खोकलं. सगळे छताकडे पाहू लागले.

"मी सही करत नाही असं नाही," मोठे साहेब सावकाश म्हणाले. "मी योग्य वेळेची वाट बघतो. लगेच सही केली की कामाचं वजन जातं."

"ही चौकट पुसून पाहू या का?" सल्लागार बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुसलीही. ठिपके भराभर सुटले आणि चित्रातल्या गोदामातून गाद्या बाहेर पडू लागल्या. टाळी वाजवायला उचललेले हात लोकांनी डोकं खाजवायला वापरले.

 साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "याचं हे विचारणं बंद करता येतं का?"

"सॉफ्टवेअरची ही तपासणी बंद करता येते," बाई म्हणाल्या. "सेटिंगमध्ये आहे. आमचे बहुतेक ग्राहक ती पहिल्याच आठवड्यात बंद करतात. मग चित्रं छान निघतात."

"हे आधी सांगायचं ना!" साहेबांचा चेहरा उजळला. सभा आनंदात संपली.

चौकटराव जागेवर आले. त्यांच्या आत मात्र काहीतरी बंद व्हायला तयार नव्हतं. ते उठले, गोदामात गेले, मुकादमाला म्हणाले, "एक टोक धरा," आणि दोघांनी एक नवी गादी मावशींसाठी बोलावलेल्या टेम्पोत चढवली. सगळं एका चहाच्या वेळात झालं.

"झालं?" मावशींनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा खट्टू होता. "माझा स्वेटर अर्धाच झालाय अजून."

पद्धतीबाहेर निवारण झाल्याबद्दल चौकटरावांची चौकशी झाली. घडलेलं कृत्य रद्द करता येईना, कारण मावशी गादी परत द्यायला तयार नव्हत्या. तेव्हा ते कृत्यच नियमात बसवायचं ठरलं. मंजूर झालेल्या नव्या चित्रात शेवटच्या चौकटीत आता लिहिलं आहे, 'चौकटराव गादी उचलतात.' त्यांची पाठ दुखते, पण झोप उत्तम लागते. त्यांची बायको तर कौतुकाने सगळ्यांना सांगते, हे आता कामाला लागलेत.

कंपनीला त्या वर्षी कार्यपद्धतीतल्या प्रगतीचं पारितोषिक मिळालं. ते सॉफ्टवेअर बघायला आता ठिकठिकाणचे लोक येतात, वह्या उघडतात आणि जाताना चौकटरावांना बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ती तपासणी नेमकी कुठून बंद होते हो?"

चौकटराव कुणालाच सांगत नाहीत. ते हसून एवढंच म्हणतात, की तुम्ही इथे आलात, चहा घेतलात, आनंद वाटला. पण तुम्ही इथे रमलात, तेवढ्या वेळात तुमच्या स्वतःच्या चौकटीत कोण कोण येऊन उभं राहिलंय, ते एकदा जाऊन बघा. वाचकहो, पाहुण्यांना सांगितलेलं तेच तुम्हालाही लागू आहे. गोष्ट संपली. तुमच्या सहीसाठी कुणीतरी केव्हाचं दारात उभं आहे.