वजनांना कुलूप

"तीन महिने! मोजून तीन महिने! पोट आत, छाती बाहेर आणि दंडावर अशा बेटकुळ्या! नाही जमलं तर नाव बदलेन!"

किल्लीमास्तरांनी ही घोषणा सोमवारी सकाळी चहा पिता पिता केली, तेव्हा बशी त्यांच्या पोटावर ठेवलेली होती. बशी जराही हलली नाही. बायकोने एकदा बशीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती अशी हसली की तिला ठसकाच लागला.

"हस, हस," मास्तर म्हणाले. "तीन महिन्यांनी हा दंड धरून चालशील, तेव्हा बोलू!"

"दोन्ही हातांत मावला तर धरीन हो!" बायको डोळे पुसत म्हणाली.

मास्तरांना हे लागलं. एरवी मास्तर म्हणजे मोठा माणूस. कुणाची किल्ली हरवो, कुणाची तिजोरी अडो, बोलावणं त्यांनाच. राहत्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. पण गेली दोन वर्षं दारापुढे बसून कुलपाच्या भोकाला डोळा लावायला गेलं, की डोळ्याच्या आधी पोट दाराला टेकायचं. परवा एका गिऱ्हाईकाने तर "मास्तर, दार ढकलू नका, उघडायचंय," असं म्हटलं होतं!

म्हणून त्यांनी मेहुण्याला गाठलं. मेहुणा व्यायामशाळेत जाऊन जाऊन नुसता दगड झालेला. त्याने आपला जुना बाक, लोखंडी दांडा आणि चकत्या आणून दिल्या आणि बजावलं, "दाजी, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बाकावर उताणं झोपून दांडा एकट्याने उचलायचा नाही. दोन, उचललातच, तर टोकांना क्लिपा लावायच्या नाहीत. अडकलात तर दांडा एका बाजूला कलता करायचा. चकत्या घसरून पडतात, माणूस सुटतो."

पहिली गोष्ट मास्तरांनी ऐकलीच नाही. दुसरी ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. आपोआप घसरून पडणाऱ्या चकत्या? ज्या माणसाच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप, छत्रीला कुलूप, त्याच्या घरात चकत्या मोकाट? छे! त्याच दुपारी त्यांनी दांड्याच्या दोन्ही टोकांना बसतील अशी दोन लोखंडी कडी बनवली, त्यांना दोन छोटी कुलपं ठोकली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. आता भूकंप झाला तरी चकत्या हलणार नव्हत्या.

मंगळवार, बुधवार वीस किलोवर बरे गेले. म्हणजे मास्तरांना बरे वाटले. दिवसातून तीनदा दंडाला टेप लावून झाला. टेप जागचा हलला नाही, तेव्हा दोष टेपला दिला.

गुरुवारी मात्र मोठा योग होता. गावात नवं इस्पितळ उभं राहत होतं. त्याच्या अधीक्षकबाई सकाळी अकरा वाजता मास्तरांचं नवं कुलूप बघायला येणार होत्या. दारं दोनशे! एवढं काम मास्तरांना जन्मात मिळालं नव्हतं. आणि कुलूपही तसंच होतं. पाच खिट्ट्यांचं. मास्तरांनी ते स्वतःच्या पुढच्या दाराला बसवलं होतं आणि बाईंना फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "आतून किल्ली फिरवून तशीच ठेवली ना, की बाहेरून ब्रह्मदेव आला तरी दार उघडायचं नाही!"

बाई फोनवर "असं का," एवढंच म्हणाल्या होत्या.

साडेदहाला बायको पाहुणीसाठी बिस्किटं आणायला बाहेर पडली. मास्तरांना मेहुण्याचं एक वाक्य आठवलं, की व्यायाम झाल्या झाल्या स्नायू टरारून फुगतात. मग काय! बाईंसमोर जाताना छाती फुगलेली असली तर कुलपाचीही किंमत वाढेल! त्यांनी दार आतून लावलं, किल्ली भोकातच ठेवली, कारण मध्येच बायको येऊन पुन्हा हसायला नको. पँट काढून मुलाची जुनी चड्डी चढवली. चकत्या दुप्पट केल्या. चाळीस किलो! कड्यांची कुलपं लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि बाकावर उताणे झाले.

दांडा वर गेला. खरंच गेला! मास्तर स्वतःच चकित झाले. मग दांडा खाली आला. तोही आला. पण नंतर तो परत वर जाईना.

"हं!" मास्तर म्हणाले. "हंऽऽ!" मास्तर पुन्हा म्हणाले. दांडा काही म्हणाला नाही.

नशीब एवढंच, की बाकाच्या एका बाजूला दुरुस्तीला आलेली तिजोरी होती आणि दुसऱ्या बाजूला हत्यारांची पेटी. दोन्हीकडच्या चकत्या त्यांच्यावर टेकल्या आणि बराचसा भार त्यांनी पेलला. पण दांडा बसला तो नेमका छाती आणि पोट यांच्या मधल्या खळग्यात. वर सरकावं तर पोट आडवं, खाली सरकावं तर छाती आणि हनुवटी आडवी. हातांची ताकद संपली होती. एक बाजू कलती करावी, तर खाली तिजोरी. चकत्या काढाव्यात, तर त्यांना कुलूप! किल्ली चार फुटांवर, खिळ्याला, शांतपणे लोंबत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना कुणीतरी कुलपात अडकवलं होतं, आणि तो कुणीतरी ते स्वतःच होते.

पावणेअकराला बाहेर चपला वाजल्या. बायकोने तिची किल्ली भोकात घालून पाहिली. जाईना.

"अहो, आतली किल्ली काढा!"

"उठता येत नाही!" मास्तरांचा आवाज दबका आला.

"का?"

मास्तर गप्प बसले. काय सांगणार? सोमवारी दंड दाखवणारा माणूस गुरुवारी दांड्याखाली! बायको त्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावून बसली.

"रुसलात?" तिचा आवाज एकदम हळवा झाला. "मी हसले म्हणून? अहो, चुकलं माझं! तुमचं पोट काय वाईट आहे? वीस वर्षं बघतेय, मला आवडतं ते! उघडा ना दार!"

मास्तरांनी हे शब्द कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. जीव गुदमरत असतानाही त्यांना वाटलं, अजून दोन मिनिटं गप्प राहावं. ते राहिले. तेवढ्यात एक अनोळखी, करारी आवाज आला.

"नमस्कार. मी इस्पितळातून आले. काय झालंय?"

अधीक्षकबाई! आणि वेळेच्या आधी! आता मात्र मास्तरांना कंठ फुटला.

"मी अडकलोय! छातीवर दांडा पडलाय! उठता येत नाही!"

बाहेर एकच गलका झाला. "आत कोण आहे? तुम्हाला कुणी मारलं?" बायको किंचाळली. "चोर आहेत का आत?"

"चोर नाहीत! व्यायाम आहे!"

मग बायकोने हुंदका आवरला आणि फोन लावला. गावात दुसरा कुलूपवाला एकच. त्याला सगळे हातोडीकाका म्हणत, कारण प्रत्येक कुलपावर त्याचा तोच एक इलाज होता. पाच मिनिटांत तो आला, आणि आवाजावरूनच कळत होतं की आज त्याचा सण आहे.

"वहिनी, बाजूला व्हा. मास्तरांचं कुलूप ना? दोन मिनिटांत उघडतो बघा!"

इकडे बाकावर मास्तरांच्या मनाची पार ओढाताण सुरू झाली. दार उघडलं तर सुटका, पण दोनशे दारं गेली. नाही उघडलं तर कुलपाचा विजय, पण विजयी वीर दांड्याखाली! देवा, उघडू दे. देवा, नको उघडू दे. देवालाही कळेना की हा माणूस नेमकं काय मागतोय.

दोन मिनिटं झाली. दहा झाली. हातोडीकाका बाहेर घामाघूम झाल्याचं त्याच्या धापांवरून कळत होतं. मग ठोकाठोकी झाली. कुलूप ढिम्म!

"काय बनवलंय या माणसाने!" हातोडीकाका हरल्या आवाजात म्हणाला. "नाही उघडत."

मास्तरांची छाती अभिमानाने फुगली. फुगली मात्र, दांडा आणखी रुतला! "अगं आई गं!" ते ओरडले.

"बरोबर वीस मिनिटं झाली," अधीक्षकबाईंचा थंड आवाज आला. पाठोपाठ कागदावर पेन चालल्याचा आवाज. शेरा लिहीत असणार! 'अभेद्य', 'उत्तम', असंच काहीतरी! मास्तरांना दोनशे दारं डोळ्यांपुढे रांगेने उभी दिसू लागली.

आणि मग बायको रडायला लागली. ओरडणं नाही, कांगावा नाही. दाराला कपाळ टेकून नुसती हळू रडत होती. "अहो, श्वास तरी घेताय ना? बोलत राहा हो माझ्याशी. मला भीती वाटतेय."

मास्तरांना दारं दिसेनाशी झाली. खरी गोष्ट अशी, की त्या कुलपात एक खोट होती. ब्रह्मदेवाला माहीत नव्हती, पण मास्तरांना होती. महिनाभर झटून ती गेली नव्हती, म्हणून ते तिच्याबद्दल कुणाजवळ बोलले नव्हते. ती आता सांगायची म्हणजे गिऱ्हाइकासमोर, आणि वर हातोडीकाकासमोर, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. मास्तरांनी डोळे मिटले.

"रडू नकोस!" ते ओरडले. "काका, ऐक! मूठ धरून दार वर उचल! वरच! आता खालच्या कोपऱ्यावर गुडघा दाब! आतली किल्ली ढिली पडते! बारीक पट्टीने ढकल, पडेल ती! मग हिची किल्ली लाव!"

बाहेर खुडबूड झाली. टण्! आतली किल्ली फरशीवर पडली. बायकोची किल्ली फिरली, पाची खिट्ट्या खटाखट मागे गेल्या आणि दार उघडलं.

बायको धावतच आत आली. एका हातात बिस्किटांची पिशवी होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. दुसऱ्या हाताने तिने दांड्याचं एक टोक धरलं, दुसरं हातोडीकाकाने, आणि दांडा उचलून बाजूला ठेवला.

"हे एवढंच होतं?" हातोडीकाका म्हणाला.

मास्तर उठून बसले. पोटभर श्वास घेतला. अहाहा! हवा इतकी गोड असते हे त्यांना ठाऊक नव्हतं! बायकोने त्यांच्या छातीवरून, पोटावरून, खांद्यावरून हात फिरवला, कुठे मोडलंबिडलं नाही ना पाहिलं, आणि सगळं धड आहे अशी खात्री पटल्यावर दंडावर एक सणसणीत चापट मारली. "पुन्हा एकट्याने कराल ना, तर बघाच!" ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. मास्तरही हसले. जीव वाचला होता, बायको जवळ होती, अजून काय पाहिजे? मग त्यांना दारात उभ्या असलेल्या अधीक्षकबाई दिसल्या, आणि स्वतःची चड्डीही दिसली.

त्यांनी घाईघाईने बिस्किटांची पिशवी मांडीवर ओढली.

"बाई, माफ करा," ते पडेल आवाजात म्हणाले. "कुलपात खोट आहे, तुम्ही पाहिलीतच. मी फोनवर फार बढाया मारल्या. तुम्ही दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे?" बाई आत आल्या. "मास्तर, मला हे कुलूप कुठे लावायचंय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

मास्तरांनी विचारलं नव्हतं.

"रुग्णांच्या न्हाणीघरांना! माणूस आतून दार लावतो, घेरी येऊन पडतो, आणि बाहेर नर्स किल्ली घेऊन नुसती उभी! तुमचं ते ब्रह्मदेवाचं ऐकून मी नाही म्हणायलाच आले होते. वीस मिनिटं उघडेना, तेव्हा नकार लिहूनही टाकला होता. हा बघा!" त्यांनी वहीचं पान दाखवलं. मग त्यावर सरळ रेघ मारली. "किल्ली असेल त्याला बाहेरून उघडतं, नसेल त्याला हातोडीनेही उघडत नाही. मला अगदी हेच हवंय. ती तुमची खोट तेवढी दोनशे दारांना द्या."

हातोडीकाका मटकन पेटीवरच बसला. महिनाभर जी खोट काढायला मास्तर झटत होते, ती न निघाल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात देवाचे, ब्रह्मदेवाचे आणि स्वतःच्या नाकर्तेपणाचे आभार मानले.

"घ्या, इथे सही करा," बाईंनी वहीच्या कोऱ्या पानावर तिथल्या तिथे करार लिहिला, पान फाडलं आणि पेनासकट पुढे केलं.

मास्तरांनी ऐटीत हात पुढे केला. म्हणजे करायला गेले. हात मांडीवरून उठलाच नाही! दुसरा हात पाहिला, तोही तसाच. चाळीस किलोंनी दोन्ही हातांतला जीव शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतला होता. पेन बोटांत धरलं की थरथरायचं आणि निसटून फरशीवर पडायचं. एकदा पडलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा ते तिजोरीखाली गेलं.

शेवटी बायकोने पेन काढून आणलं, ती त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघांनी मिळून कशीबशी सही केली. कागदावर एक लांबलचक, थरथरणारी, कुठूनही कुठेही गेलेली रेघ उमटली.

अधीक्षकबाईंनी कागद उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कुलपाचं माहीत नाही, पण ही सही मात्र खरंच कुणाला उघडता यायची नाही!"