बुंदीच्या उरलेल्या गोळ्या

सहा कप्प्यांचा डबा. लाल साफा. चाकसूला निघालेली पांढरी व्हॅन. एक पेढा. म्हाताऱ्या लॅब्रॅडरचे मागचे पाय.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो मोरेश्वरांनी जोडला!

मोरेश्वर विमा कंपनीतून निवृत्त होऊन जवाहर नगरातच राहिलेले. त्यांची बुंदी नावाची म्हातारी लॅब्रॅडर कुत्री गेली आणि तिच्या सांधेदुखीच्या गोळ्या मागे उरल्या. बायकोने, सुधाताईंनी, बजावलं, "दुसऱ्या कुठल्यातरी कुत्र्याला द्या. पण त्या गोळ्या घरात परत आणू नका. मला बघवत नाही."

"अर्ध्या तासाचं काम!" मोरेश्वर म्हणाले, आणि उभ्या जन्माच्या टापटिपीला जागून त्यांनी एकेक गोळी पट्टीतून सोलून सहा कप्प्यांच्या डब्यात भरली. वर मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या: औषधाचं नाव, मुदतीची तारीख, 'सकाळी एक, पेढ्यात लपवून'. रिकाम्या पट्ट्या कचऱ्यात.

खातीपुऱ्याच्या प्राण्यांच्या शेल्टरमधल्या मुलीने डबा उघडून लगेच बंद केला. सुट्या गोळ्या घेत नाही म्हणाली. बुंदीच्या डॉक्टरांनीही हात जोडले. तारीख तुम्ही लिहिलीत, कंपनीने नाही. आता डबा न्यायचा कुठे? घरी तर बंदी.

वाटेत देवळाबाहेर 'दवा दान'चा मांडव दिसला. मोरेश्वरांनी विचार केला, विचारू तरी, यांच्या ओळखीत कुणाकडे कुत्रा असेल. पण तोंड उघडण्याआधीच आयोजक खंडेलवालजींनी त्यांच्या डोक्यावर साफा चढवला, डबा पेटीत गेला, पेटी पांढऱ्या व्हॅनमध्ये गेली आणि फोटो निघाला. साफा बांधलेल्या माणसाला 'कुत्र्याचं आहे' म्हणवत नाही. मोरेश्वर हसले. फोटो झकास आला!

घरी सुधाताईंनी कॉलनीच्या ग्रुपवर तो पाहिला. मागच्या फलकावर लिहिलं होतं: गरीब मरीज़ों के लिए, आज चाकसू में.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता माणसं खाणार त्या गोळ्या?"

टोंक रोडवर मोरेश्वरांनी स्कूटर अशी पिटाळली की साफा मागे नागासारखा फडफडत होता. काढायचं सुचलंच नव्हतं. चाकसूच्या शिबिरात पोचले, तर डॉक्टरांच्या हातात डबा, आणि चिठ्ठी मोठ्याने वाचून ते बुचकळ्यात पडलेले. रांगेतल्या पहिल्या आजीला मात्र सगळं स्पष्ट होतं.

"गोळी तो ठीक है," ती इकडेतिकडे पेढा शोधत म्हणाली, "पेड़ो कठै है?"

"मत दीजिए," मोरेश्वर धापा टाकत म्हणाले. "ये कुत्ते की है. मेरी कुत्ती की."

खंडेलवालजींनी पुढे होऊन आधी साफा उतरवला. डॉक्टर मात्र पेटीतल्या बाकीच्या पट्ट्या उलटसुलट करून बघत राहिले. एकीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. दुसरीची तीन. कॉलनीतल्या भल्या घरांनी आपापली कपाटं साफ केली होती.

"साहब," डॉक्टर म्हणाले, "इंसानों के लिए तो कचरा आया है. ढंग की दवा बस कुत्ते की है."

रांग पांगली. आजी सर्वांत शेवटी गेली, पेढ्याची चौकशी करून.

मोरेश्वर डबा घेऊन परतले आणि फाटकाबाहेर स्कूटरवरच बसून राहिले. आत नेता येईना. शेवटी सुधाताईच बाहेर आल्या, आणि त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला.

बुंदीच्या डॉक्टरांनी तिचे पंधराच दिवस उरल्याचं सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी मोरेश्वरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या.