मौनीबाबांनी तोंड उघडलं

ही गोष्ट अगदी खरी आहे. शपथेवर सांगतो, ती घडली तेव्हा मी तिथं होतो. म्हणजे पोस्टात होतो असं नाही, आणि मौनीबाबांच्या घरात तर नव्हतोच. पण एकंदरीत जवळपास होतो, आणि जवळपास असणाऱ्या माणसाला पुष्कळ कळतं. राहिलेलं सुचतं. तेव्हा एखादी गोष्ट मी पदरची घातली असेलही. कुठली, ते शेवटी सांगेन. तोवर सगळं खरंच धरून चाला.

तर एका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एक कारकून बसायचा. पार्सल घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, तिकिटं डकवायची, धाडकन शिक्का मारायचा. या सबंध उद्योगात तो दोनच शब्द खर्च करी: "सुट्टे" आणि "पुढे". कचेरीत त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. लग्नाआधी "मुलगी पसंत आहे का?" असं विचारल्यावर त्यानं नुसती मान हलवली होती. (कुठल्या दिशेनं, याबद्दल बायकोला अजून शंका आहे.)

त्याची मुलगी ठकी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पुढे ऑपरेशन झालं, कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. त्याचा एक भाग आत, कातडीखाली. बाहेर कानामागे इवलंसं यंत्र, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला एक गोल चकती. ती लोहचुंबकानं टपकन डोक्याला चिकटली की ठकीचं जग सुरू व्हायचं. कुकरची शिट्टी झाली की ती टाळ्या वाजवी, मिक्सर लागला की टेबलाखाली शिरे. ऐकायची सगळं. पण बोलायची मात्र नाही. एक शब्दसुद्धा नाही. रोज संध्याकाळी मौनीबाबा घरात शिरताशिरता बायकोकडे भुवया उंचावून बघत, आणि बायको मान हलवी. तिच्या मानेची दिशा कधीच संशयास्पद नसे.

शेवटी ठकीला बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या बाईंनीच विषय काढला. बाई बुटक्या, आवाज खणखणीत.

"घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"मी," बायको म्हणाली.

"आणि हे?"

"हे असतात."

बाई मौनीबाबांकडे वळल्या. "अहो बाबा, हिचे कान नवे आहेत. नव्या कानांना शब्द लागतात, पोतीच्या पोती. जे कराल ते बोलत करा. कसलाही आवाज आला की आपल्या कानाला बोट लावायचं आणि म्हणायचं, 'ऐक!' मग जरा वाट बघायला लावायची. एक, दोन, तीन! आणि मग वस्तू दाखवायची."

"पण बोलू काय?" मौनीबाबांनी विचारलं. (बायकोनं चमकून पाहिलं. एका दमात तीन शब्द!)

"काहीही बोला. पण बोला."

मौनीबाबांनी त्याच क्षणी ठरवलं, की बोलायचं. बस्स, एवढाच एक छोटासा निर्णय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोरीतून आवाज आला. "ऐक! नळ! धो धो धो! बाबा तोंड धुतात. बाबा साबण लावतात. साबण डोळ्यात गेला. बाबा ओरडतात. ऐक!"

"अहो, आत गेल्यावर तरी थांबा!" बायको दारावर थाप मारत म्हणाली.

"ऐक! दार वाजलं! कोण आहे बरं?"

"तुमची बायको!"

"आई आहे! आई चिडली!"

पहिले काही दिवस बायकोला भरून आलं. मग नुसता वीट आला. "आई कांदा चिरते. आई रडते. आई बाबांकडे बघते. आईच्या हातात उलथनं आहे. ऐक, उलथनं!" असं धावतं वर्णन घरात दिवसभर चालू. ठकी तोंडाचा आ करून बापाकडे बघत राही. बघे, ऐके, आणि तोंड मिटून घेई.

"होईल," बाई म्हणाल्या. "पेरत राहा."

आता पेरायची सवय लागलेला हात काय घर आणि कचेरी असा भेद करतो? एका सकाळी पार्सलच्या खिडकीवर रांग लागली होती. दारातून पोस्टमास्तर साहेब आत आले आणि मौनीबाबांचं बोट आपोआप कानाला गेलं.

"ऐक! बूट! चुंई चुंई! कोण आलं? साहेब आले. साहेब उशिरा आले. साहेबांनी मिशी रंगवली. रंग गालावर आला."

रांग खुसखुसली. साहेब जागच्या जागी थबकले. त्यांनी मागे वळून पाहिलं. बोलणारा माणूस दुसराच कुणी असावा अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मग रुमाल गालाला लावून ते केबिनमध्ये शिरले.

यावर थांबता आलं असतं. पण त्याच वेळी खिडकीत एक आजीबाई आल्या आणि त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. मौनीबाबांनी ते उचललं, आणि त्यांचा चेहरा उजळला. असा आवाज रोज थोडाच मिळतो!

"ऐक!" ते कानाला बोट लावून गरजले. "टिक टिक टिक टिक! खोक्यात काय आहे बरं?"

रांगेची खुसखुस थांबली.

"थांब हं. बाबा हळूच ठेवतात. हळू... हळू... एक..."

"काय म्हणतोय हा?" रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांनी विचारलं.

"टिकटिक म्हणतोय," मागचा म्हणाला.

"दोन..."

"आणि मोजतोय!"

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण सांगू शकतो. खुर्च्या आडव्या झाल्या, छत्र्या मोडल्या, आणि जाडे गृहस्थ ज्या खिडकीतून बाहेर पडले त्या खिडकीतून नंतर त्यांची पिशवीसुद्धा काढता येईना. मौनीबाबा "तीन, ढुम्म!" म्हणाले तेव्हा पोस्टात ते, आजीबाई आणि टेबलाखालचे साहेब, एवढेच उरले होते.

"टिकिटं किती लावायची?" आजीबाईंनी शांतपणे विचारलं.

"आजी," टेबलाखालून आवाज आला, "खोक्यात काय आहे?"

"गजराचं घड्याळ. नातवासाठी. मेला उठतच नाही सकाळी."

साहेब बाहेर आले. रंग आता दोन्ही गालांवर होता. "तुम्ही!" ते मौनीबाबांना म्हणाले. "बारा वर्षं तुम्ही बोलावं म्हणून मी वाट पाहिली. चुकलो! आत्ताच्या आत्ता घरी जा. उद्या या, आणि येताना तोंड घरी ठेवून या!"

मौनीबाबा भर दुपारी घरी परतले. बायकोनं दार उघडलं. ते काही बोलले नाहीत. चपला काढल्या, बोलले नाहीत. पाणी प्यायले, बोलले नाहीत. खुर्चीत बसले.

"अहो, झालं काय?"

त्यांनी नुसता हात हलवला. इतके दिवस बडबड केली. मुलगी बोलली नाही ती नाहीच, आणि कचेरीत हसं झालं ते वेगळंच. आपलं आपलं जुनं बरं होतं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

ठकी खेळता खेळता थांबली. बापाकडे बघायला लागली. बापाचं तोंड दिसत होतं, पण आवाज येत नव्हता. तिनं डोक्यावरची चकती काढली, पुन्हा चिकटवली. आवाज नाही. तिनं कानामागचं यंत्र काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"अगंबाई! बॅटरी संपली वाटतं हिची," आई म्हणाली. तिनं बॅटरी बदलली. यंत्र कानामागे, चकती डोक्यावर, टपकन!

ठकीनं पुन्हा बापाकडे पाहिलं. आवाज नाहीच. तिनं यंत्र पुन्हा आईला दिलं.

"अगं, ही नवी आहे! भरलेली आहे!" आई म्हणाली आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "अहो! यंत्र नाही बिघडलेलं. तुम्ही बिघडलायत!"

आईनं यंत्र परत लावलं. ठकी खुर्चीशी गेली, बापाच्या गळ्यावर तळवा ठेवून तिनं जरा चाचपून पाहिलं, आणि मग स्वतःच्या कानाला बोट लावून, बापाकडे बघत, स्वच्छ म्हणाली,

"ऐक!"



"ऐक!" ठकी पुन्हा म्हणाली, आणि बापाची बाही ओढली. "ऐक! ऐक!"

मौनीबाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला ऐक म्हणतेय... काय ऐकू गं?"

"ऐक म्हणत नाहीये," बायको हसत, रडत म्हणाली. "हाक मारतेय! तुम्ही येता, कानाला बोट लावता, 'ऐक' म्हणता. जाता तेव्हाही तेच. मग दुसरं काय नाव असणार तुमचं?"

मौनीबाबांनी ठकीला उचलून पलंगावर नेलं, शेजारी आडवे झाले आणि बोलायला लागले. "ठकी, तुझ्या बापानं आजवर शब्द फार जपून वापरले. कुणासाठी जपतोय ते त्यालाच ठाऊक नव्हतं. आज कळलं. साहेब रागावू देत, लोक खिडकीतून उड्या मारू देत, मी थांबायचा नाही. तू बाबा म्हण, ऐक म्हण, काहीही म्हण. तू हाक मारलीस, आता मी जन्मभर ओ देणार." ठकी त्यांच्या तोंडाकडे टक लावून, एकेक शब्द कानात साठवत ऐकत राहिली.

आता कबूल केल्याप्रमाणे. जाडे गृहस्थ खिडकीतून गेले ते खरं. साहेबांच्या मिशीचा रंगही खरा. भाषण तर अक्षरन् अक्षर खरं आहे. ते याहून बरंच लांब होतं, मीच आखूड केलं. ठकी ते ऐकत होती, एवढंच मी रचलं. तिला झोप आली होती. पहिल्या वाक्यालाच तिनं डोक्यावरची चकती काढली, यंत्रासकट बापाच्या मुठीत ठेवली आणि कूस बदलली. आणि मौनीबाबा मुठीतल्या यंत्राला अर्धा तास समजावत राहिले.